तीस मीटरवर बसवलेला गोळा

मी धरणाची खोली मोजणारा शिशाचा गोळा बोलतोय. वजन तीन किलो, डोक्यावर कडी, कडीला दोर आणि दोराला मीटरामीटरावर गाठ. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका भट्टीत मला ओतलं आणि सुरतेच्या पाटबंधारे कचेरीने नदीच्या वरच्या अंगाच्या एका जलविद्युत धरणावर धाडलं. खोटं बोलणं मला जमत नाही. तळ लागेल तिथे मी टेकतो. यात माझा मोठेपणा काही नाही, वजनच तसं आहे.

होडीवर सुकदेव असायचा. मूळचा खानदेशातला, घर सुरतेच्या बमरोली भागात. माझ्या बुडाला ग्रीस फासून तो मला पाण्यात सोडायचा, गाठी मोजायचा आणि वर ओढल्यावर ग्रीसला काय चिकटलं ते बघायचा. सुरुवातीला खडे यायचे. पुढे काळी माती येऊ लागली. ती बोटांत चोळून तो म्हणाला, "हाई माटी आपला वावरनी शे." पाण्याबरोबर शेतंही धरणात येऊन बसत होती.

मग आवाजाने खोली मोजणारं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. त्याचा मला राग नाही. राग याचा, की यंत्र दोन वर्षांत बिघडलं, दुरुस्तीला गेलं आणि परत आलंच नाही. सात वर्षं कुणी तळ पाहिला नाही. भिंतीवरची पट्टी वाचायची, जुन्या तक्त्यात खोलीचा नि साठ्याचा आकडा बघायचा, झालं काम! अहो, पट्टी पाण्याचा माथा सांगते. खाली पाणी आहे की चिखल, हे तिला कसं कळणार?

यंदा दिवाळीनंतर वीज किती करायची आणि उन्हाळ्यासाठी पाणी किती राखायचं, याचा अहवाल लिहायचं काम अपर्णाताईंकडे आलं. त्या कचेरीतल्या तरुण इंजिनियर. त्यांनी मला कपाटातून काढलं, सुकदेवला शोधून आणलं आणि दोन दिवस होडीत काढले. तक्त्यात तीस मीटर होते तिथे मी बावीसवर टेकलो. ताईंना वाटलं, मोजायला चुकलं. पाच वेळा सोडलं. पाचही वेळा बावीस.

परतताना सुकदेव म्हणाला, "ताई, आमच्या गल्लीत या धरणाचं पाणी आत्ताच जेमतेम पाऊण तास येतं. हिवाळ्यातच सगळं टर्बाइनमधून सोडून दिलं, तर मे महिन्यात आम्ही काय प्यायचं?"

ताईंनी अहवालात बावीस लिहिलं. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी तो चाळला आणि शांतपणे म्हणाले, "अपर्णाबेन, मंजूर आहे तो तक्ता. तुमचा दोर मंजूर नाही." जुनाच आकडा घालून सही करा, असं सांगितलं. ताईंनी सही केली नाही. आठवड्याभरात त्यांची बदली झाली आणि सही दुसऱ्याने केली. वीज तीस मीटरच्या हिशेबाने करायचं ठरलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण साहेबांच्या टेबलावर पंख्याचा वारा फार लागतो, म्हणून शिपायाने माझा दोर कापला आणि कागद दाबायला मला त्याच अहवालावर ठेवलं. बावीस मीटर मोजणारा मी, आता त्या खोट्या तीसला उडू देत नाही. संताप होतो, पण जागचं हलता येत नाही.

टर्बाइन फिरतायत, धरण रोज उतरतंय. बाबांनो, कधी या कचेरीत आलात तर माझी एकच विनवणी आहे. मला उचला. पंखा चालूच असतो.