गाडीवर चाललेलं घर

सकाळी दिवे गेले आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच परत आले.

"बघितलंस?" ठिणगी आईवर खेकसली. "म्हणत होतीस ना, कशाला हवा तो नवा चार्जर? वीज गेली की गाडीच घराला वीज देते!"

ठिणगी विजेवरची टॅक्सी चालवायची. राग सदा नाकाच्या शेंड्यावर, म्हणून घरात हेच नाव पडलं. आतल्या खोलीत बाबांचं ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. नाकात नळी घालून बाबा उशीला टेकले होते.

तिने फोनवर गाडीचा चार्ज पाहिला. तेरा टक्के! रात्रभर लावलेली गाडी भरलेली हवी होती. आणि दहावर आली की गाडी हात वर करते, घराला एक थेंब देत नाही.

"आई, रात्री चार्जरचं बटण बंद केलंस?"

"मग? झोपताना सगळीच बटणं बंद करते मी. मघाशी उठल्यावर लावलं की परत."

"अगं, ती गाडी आहे, इस्त्री नाही!"

"लाल दिवा डोळे वटारून बघत होता मेला. मला काय ठाऊक?"

बाबांचा ऑक्सिजनचा जादाचा सिलिंडर भरायला गेलेला. ठिणगीने सिलिंडरवाल्याला फोन लावला.

"ताई, सिग्नल बंद पडलेत, चौकात अडकलोय. येतोच."

"येतोच म्हणजे कधी?"

"पंख फुटले की!"

बारा टक्के.

गाडीत घालून बाबांना दवाखान्यात न्यावं, तर गाडीचा प्लग काढताच मशीन बंद, आणि चौक तर तुंबलेला. न न्यावं, तर आकडा बघत बसायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

"बाबांना काही झालं ना, तर तुझ्या त्या बटणांमुळे!" ती ओरडली.

"भांडा," बाबा आतून थांबत थांबत म्हणाले, "पण... जरा हळू. हवा... मला लागते."

अकरा. एवढंसं मशीन इतकं कसं खातं? वळून बघते तर आई गायब.

"आता कुठे गेलीस?"

टक्. न्हाणीघरातून आवाज आला. टक्, स्वयंपाकघरातून. फ्रिजची गुणगुण थांबली. पंखे थांबले, दिवे विझले. आई पदराला हात पुसत दारात आली.

"गिझर चालू होता," ती म्हणाली. "तुझ्या अंघोळीचा."

घरात आता फक्त मशीनची घरघर. तिघंही ती ऐकत बसली. आकडा अकरावरच चिकटला होता. कितीतरी वेळ. मग खाली हॉर्न वाजला आणि जिन्यावर लोखंड आपटत वर येऊ लागलं.

दहा. मशीनने एकदा शिट्टी मारली आणि ते गप्प झालं.

"नळी द्या, नळी!" सिलिंडरवाला धापा टाकत आत शिरला. त्याने चावी फिरवली. सूं आवाज आला. बाबांची छाती वर झाली, खाली झाली, परत वर झाली.

आईने बाबांची उशी सारखी केली. ठिणगी उठली, न्हाणीघरात गेली आणि गिझरचं बटण बंदच आहे ना, ते बोट लावून पाहून आली.