घरपोच गोळ्या

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात विजयमालाबाई ऑफिस सांभाळतात. कामगारांच्या आरोग्य विम्याचं कामही त्यांच्याकडेच. त्या दिवशी विमा कंपनीचा माणूस नव्या वर्षाची पॉलिसी घेऊन आला. काचेपलीकडे शिलाई मशीनवर काशम्मा बसली होती, खाली मान घालून.

गेल्या वर्षी विमा कंपनीनं अट घातली होती. नेहमीची औषधं आमच्याच ऑनलाइन दुकानातून, पार्सलनं मागवायची. गल्लीतल्या मेडिकलचं बिल चालणार नाही. बाईंनी लगेच सही केली. घरपोच औषध! नको कोण म्हणणार?

काशम्माच्या नवऱ्याला, रेवणप्पाला, फिटचा त्रास. गोळ्या चुकवून चालतच नव्हतं. पार्सलवाला दारात आला, "मावशी, ओटीपी सांगा," म्हणाला. काशम्मानं दार लावून घेतलं. लावणारच! फसवणूक वाढली म्हणून बाईंनीच सगळ्या बायकांना बसवून बजावलं होतं, सख्खा भाऊ मागत असला तरी ओटीपी सांगायचा नाही. पार्सल परत गेलं. पुन्हा येईपर्यंत घरातल्या गोळ्या संपल्या, मेडिकलमधून पदरच्या पैशानं घ्यायची ऐपत नव्हती, आणि रेवणप्पाला आलेली फिट काही थांबली नाही. गेला बिचारा!

"तुमीच सांगितलं व्हतं की, मॅडम. माजं चुकलं का?" मयतीला गेलेल्या बाईंना काशम्मानं विचारलं. रागानं नव्हे, खरंच विचारलं. तेव्हापासून ते शब्द कानातून जात नाहीत. भाकरी थापताना कुणी दार वाजवलं तरी हात थांबतो. वाटतं, रेवणप्पाच आलाय गोळ्या मागायला.

गल्लीतल्या मेडिकलवाल्या चनबसप्पाअण्णांपाशी त्या एकदा रडल्या होत्या. अण्णा म्हणाले, "गोळ्या न्यायला रेवणप्पा दिसला न्हाय की मी निरोप धाडायचो. ही गोळी मिळाली न्हाय तर काय होतं, हे त्या पार्सलवाल्याला कोण सांगणार, बाई? सोय नक्की कुणाची झाली?"

"मॅडम, इथं सही. अट तीच आहे," विम्याचा माणूस म्हणाला.

"ती अट काढा."

"ती सगळीकडंच असते हो."

"मग तुमची पॉलिसीच नको! मालकांशी मी बोलते." बाईंनी पेन खाली ठेवलं.

माणूस बाहेर जाऊन आपल्या साहेबांशी फोनवर बोलला. परत आला तो नरमून. पार्सल किंवा जवळचं दुकान, ज्याला जे हवं ते चालेल. तसं लेखी मिळालं तेव्हाच बाईंनी सही केली आणि थेट काशम्माकडे गेल्या.

"काशम्मा, तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी. कुणालाच न विचारता मी सही केली. आता अट काढायला लावली."

काशम्मानं मशीन थांबवलं. "मंजे, काढता येत व्हती?"



मंडळी, दुसऱ्याच्या औषधाचा निर्णय घेताना आधी त्या माणसाला विचारा. आणि अट जाचक वाटली तर भांडा, पण वेळेवर! बाईंनी भांडण जिंकलं खरं. रेवणप्पा मात्र त्यांना अजून दारात दिसतो.