पायऱ्यांचा समुद्र

मी समुद्र आहे. निदान माझ्याखालच्या पाटीवर तसं लिहिलंय, 'कोकण किनारा'. पण खरं सांगू? माझं मलाच काही उमगत नाही. अंगात पाण्याचा थेंब नाही आणि राहतो कुठे, तर जयपुरात, एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाच्या भिंतीवर.

प्राध्यापक सदाशिव नेन्यांनी मला १९५७ साली रंगवून घेतलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाळू चिक्कार पाहिली होती, समुद्र मात्र कुणीच नाही. रंगवणारे नंदकिशोरजीही समुद्र न पाहिलेलेच. मग नेन्यांच्या पत्नी गिरिजाबाई रोज येऊन स्टुलावर बसू लागल्या. त्या रत्नागिरीकडच्या. त्या सांगत आणि नंदकिशोरजी रंगवत.

"कांदळाची मुळं चिखलातून वर डोकं काढतात, श्वास घ्यायला."

"जड़ें ऊपर?" नंदकिशोरजींचा कुंचला हवेतच थांबला.

निवटी मासा चिखलातून चालत झाडाच्या मुळावर चढतो म्हटल्यावर तर ते हसायलाच लागले. "बहनजी, आप मज़ाक कर रही हैं!" तरी त्यांनी तो काढला. लाल कुर्ल्या काढल्या, अंडी घालायला आलेलं कासव काढलं, उंडीच्या झाडाच्या शेंड्यावर काकणाचं, म्हणजे समुद्री गरुडाचं, भलंमोठं घरटं काढलं. पाणी रोज निघून जातं आणि आपलं आपण परत येतं, हे ऐकून मात्र मी पार गोंधळलो. आता मी आलेला की गेलेला?

चित्र पुरं झालं आणि गिरिजाबाई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. वाळूतून थेट पाण्यात लाल दगडाच्या पायऱ्या उतरत होत्या. नंदकिशोरजींनी जन्मभर कुंडं, तलाव आणि पायऱ्यापायऱ्यांच्या बावड्याच पाहिलेल्या. ते म्हणाले, "सीढ़ियाँ न हों, तो पानी तक उतरेंगे कैसे?"

नेने वैतागले. "पुसा त्या! पोरं परीक्षेत समुद्राला घाट काढतील."

गिरिजाबाईंचं हसू मावळलं. त्यांना हृदयविकार होता आणि डॉक्टरांनी त्याच उन्हाळ्यात लांबचा प्रवास बंद केला होता. "असू द्या हो," त्या म्हणाल्या. "मला आता गाडीत बसायची सोय नाही. माहेरी उतरायला इथे तरी वाट राहू दे."

पायऱ्या राहिल्या. मला फार बरं वाटलं, का ते ठाऊक नाही.

पुढे त्या आपल्या लहानग्या लेकीला, माधवीला, घेऊन यायच्या. "आई, मतलब हे सगळं पाणी खारं?" पोर विचारायची. आई शेवटच्या पायरीवर बोट ठेवायची. "खारं तर! इथे बसलं की पाय भिजतात बघ."

१९६४च्या थंडीत गिरिजाबाई गेल्या. बापलेक अस्थी घेऊन रत्नागिरीला जाऊन आले. परतल्यावर माधवी माझ्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मला आधी आणि खरा समुद्र नंतर पाहिलेली ती पहिलीच. मी जीव मुठीत धरला. आता ही मला खोटा म्हणणार.

"बाबा," ती म्हणाली, "आई तिथे उतरली कशी असेल हो? तिथे तर पायऱ्याच नव्हत्या."

नेने पुढे झाले. त्यांनी रुमालाने माझ्या पायऱ्यांवरची धूळ पुसली, वरून खालपर्यंत.

आता विभागाच्या भिंतींना पांढरा चुना द्यायचाय म्हणे. मी समुद्र आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. लाटा पुसा, कासव पुसा, पाटीही काढा. पायऱ्या तेवढ्या राहू द्या. शेवटच्या पायरीवर कुणीतरी बसलंय.