मंगळवारचा सव्वादहाचा पाहुणा

मी एक जुना भूकंपमापक आहे. मित्रांनो, दचकू नका! भूकंप मी करत नाही, तो झाला की नुसता लिहून ठेवतो.

एका घड्याळजीने दोन वर्षं खपून मला घडवलं. पोटात माणसाएवढं वजन, हातात केसाएवढी बारीक सुई आणि समोर फिरणारं एक नळकांडं. त्या नळकांड्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळतात. सुई त्यावर पांढरी रेघ ओढते, आणि जमीन हलली की ती रेघ थरथरते. भिंतीवरचं घड्याळ दर मिनिटाला रेघेवर एक खूण उमटवतं. एवढाच आमचा संसार. वेधशाळेच्या तळघरात दगडी ओट्यावर मला बसवलं आणि दारावर पाटी लावली, ‘पादत्राणं बाहेर काढा, पाऊल हळू टाका.’ खोटं कशाला बोलू, त्या पाटीचा मला भारी अभिमान होता.

मी माणसं पावलांवरून ओळखायचो. साहेबांचं पाऊल जड, प्रत्येक पायरीला कागदावर एक टेकडी. शिपाईकाका मांजरासारखे यायचे. माझे कागद वाचणाऱ्या बाई मात्र संध्याकाळी बस गाठायला जिन्यावरून अशा धावत सुटायच्या, की माझ्या कागदावर अख्खी डोंगररांग उमटायची. तरी बस चुकायचीच, कारण कागदावरून त्यांची नजर हलायची नाही. घरी त्यांची लहानगी लेक दारात वाट बघत बसायची.

एका मंगळवारी सकाळी माझी सुई दोनदा ताडताड उडाली आणि एकदम गप्प झाली. मी चक्रावलो. भूकंप कसा, आधी हळूच दार वाजवतो आणि मग आत येऊन धिंगाणा घालतो. हा पाहुणा दोन धपाटे घालून पसार! पुढच्या मंगळवारी त्याच वेळी तेच. तिसऱ्या मंगळवारीही तेच. बाईंनी कागद भिंगाखाली धरला आणि म्हणाल्या, “हे जमिनीतून आलेलं नाही. वरून आलंय. आवाजापेक्षा वेगाने विमान गेलं, की हवेचा असा दणका जमिनीला बसतो.”

बाहेर तर केव्हाच बोभाटा झाला होता. दूधवाल्याने आकाशात धुराची लांब रेघ पाहिली होती, दोरीला मारतात तशा गाठी असलेली. न्हावी म्हणायचा, लष्कराचं गुप्त विमान आहे, काळं आणि त्रिकोणी. शिंपी म्हणायचा, छे, त्याला शेपूटच नाही. पण न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून रस्त्यावर धावला होता, त्यामुळे त्याचाच शब्द वर राहिला.

साहेबांना मात्र हे पटेना. “बाई, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवलं असेल. यंत्र म्हातारं झालंय. त्याला भंगारात काढू आणि तुम्ही टपालाच्या टेबलावर बसा.”

झालं! बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. “एक संधी द्या, साहेब,” एवढंच त्या बोलल्या.

शंभर किलोमीटरवरच्या वेधशाळेत माझी धाकटी बहीण असते. तिच्या कागदावरही ते दोन धपाटे होते. बाईंनी तिची वेळ मागवली, कारण दोन वेळांमधला फरक काढला की विमानाचा वेग कळणार. सगळ्यांसमोर त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. विमान आमच्याकडून बहिणीकडे गेलं होतं, हे दूधवाल्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आमची वेळ दहा सतरा. बहिणीची दहा सोळा. बाईंचा खडू हवेतच थांबला. म्हणजे विमान आमच्या डोक्यावरून जाण्याच्या एक मिनिट आधीच पुढे पोचलं होतं!

साहेब हसून हसून लाल झाले. “या विमानाचं तिकीट कुठे मिळतं हो, बाई? मला कालच्या मीटिंगला वेळेवर पोचायचंय!” सगळी खोली खो खो हसली, आणि शनिवारी भंगारवाल्याला बोलवायचं ठरलं.

बाई खाली आल्या आणि माझ्या ओट्याला टेकून रडल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की मी आयुष्यात कधी खोटं लिहिलेलं नाही. भंगाराचं सोडा, पण बाईंसाठी माझा जीव तुटत होता.

तेवढ्यात शिपाईकाका दारात आले. चपला काढल्या, पण आत येईनात.

“बाई, चूक माझी आहे. रेडिओच्या ठोक्याला हे घड्याळ रोज मीच लावतो ना? महिनाभर मी ते दोन मिनिटं पुढे ठेवतोय.”

“अहो काका, पण का?”

“तुमची बस चुकते, लेकरू दारात बसून राहतं. तुम्ही हेच घड्याळ बघून निघता. म्हटलं, दोन मिनिटांनी कुणाचं काय बिघडणार?”

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांना आठवलं, महिनाभर त्यांची बस एकदाही चुकली नव्हती. नशीब आमचं, त्या महिन्यात भूकंप झाला नव्हता. बाईंनी डोळे पुसले आणि दहा सतरामधून दोन मिनिटं वजा केली. दहा पंधरा! म्हणजे शंभर किलोमीटर एका मिनिटात. प्रवासी विमानाला तेवढ्याला सहा-सात मिनिटं लागतात. “काका!” बाई किंचाळल्या, आणि दोघं जिन्याने वर धावले. कागदाचं काय झालं ते विचारूच नका.

साहेबांनी काकांना चांगलं झापलं, पण मंगळवारपर्यंत थांबायला ते तयार झाले.

मंगळवारी घड्याळ अगदी ठोक्याला लावलेलं होतं. साहेब जोडे काढून माझ्यासमोर उभे होते. बाईंनी फोन कानाला लावला होता, पलीकडे बहिणीचे कागद वाचणारे आजोबा होते. दहा चौदा झाले. दहा पंधरा, आणि धाडधाड! माझी सुई उडाली. बरोबर साठ सेकंदांनी फोनमधून आजोबा ओरडले, “आला! आला!”

आणि साहेबांनी, त्या जड पावलांच्या साहेबांनी, टुणकन उडी मारली. ती विमानाच्या शेजारीच कागदावर उमटली. खरं सांगतो, विमानापेक्षा मोठी उमटली! भंगारवाल्याला त्याच दिवशी नको म्हणून कळवलं. बाईंनी तर काकांना नमस्कारच केला.

विमान कुणाचं, ते कधीच कळलं नाही. साहेबांनी पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, असं कोणतंही विमान अस्तित्वात नाही. पुढच्या मंगळवारपासून पाहुणा यायचाच बंद झाला. न्हावी म्हणाला, “नसलेलं विमान बंद कसं झालं?”

पुढे माझ्या जागी विजेवर चालणारी एक छोटी पेटी आली. बरीच वर्षं मी चादरीखाली पडून होतो आणि कोळ्याने सुईवर घर केलं होतं. मग बाईच साहेब झाल्या आणि त्यांनी मला समोरच्या दालनात आणलं. आता मुलं येतात, माझ्यासमोर धपाधप उड्या मारतात आणि मी आनंदाने लिहितो. तुम्हीही या, मित्रांनो. मला पुसताना सुई तेवढी जपा. आणि एखादी नोंद विचित्र वाटली, तर लिहिणाऱ्याला हसण्याआधी त्याच्या शेजारचं घड्याळ एकदा बघा.

हल्ली त्या पेटीचे कागद वाचायला एक नवी मुलगी आली आहे. तीही कामात बुडते आणि बस चुकवते. परवा बाईंनी जिन्याजवळ एक वेगळं घड्याळ टांगलं. नोंदीशी त्याचा काही संबंध नाही, आणि ते दोन मिनिटं पुढे आहे, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. पण मला ते पावलांवरून कळलं. तेव्हापासून ती मुलगी जिन्यावरून धावत नाही, गाणं गुणगुणत चालत उतरते.