कसाऱ्यापर्यंत

“कसारा, एक.”

“कसाऱ्याला कुणाकडं?” कंडक्टरने चिमटा वाजवत विचारलं.

“कुणाकडे नाही. उतरायचं आणि परत यायचं.”

“गेल्या शुक्रवारी शहापूरला असंच केलंत. त्याच्या आधी पडघ्याला. घरात भांडण हाय, का एसटी विकत घ्यायचा विचार हाय?”

मिलिंद कसनुसा हसला आणि खिडकीकडे वळला. चालकाच्या पाठीमागचं हेच आसन त्याने तिन्ही शुक्रवारी मिळवलं होतं. मुठी मांड्यांवर दाबून तो इंजिनाचा आवाज ऐकत होता. तो आवाज चालू असेपर्यंत भिण्याचं कारण नव्हतं.

भिवंडीच्या एका कापड कारखान्यात चौदा वर्षं तो लूमचा फिटर होता. अठ्ठेचाळीस लूमच्या त्या गदारोळात त्याला कधी भीती वाटली नाही. तिथे भीती असे ती आवाज थांबण्याची. एखादा लूम गप्प झाला की समजायचं, धागा तुटला किंवा धोटा अडकला. आणि त्या गप्पपणाच्या दिशेने धावायचं. हळूहळू ही सवय कारखान्याच्या दाराबाहेरही त्याच्या मागे आली. रस्त्यात वाहन थांबलं की त्याची छाती दाटून येई, हातांना मुंग्या येत, आणि उतरून पळाल्याशिवाय श्वास मोकळा होत नसे. बायकोला काविळीत ठाण्याच्या इस्पितळात हलवलं, त्या दुपारी कशेळीच्या पुलावर वाहनं अडली होती. मागून निघालेला तो रिक्षातून उतरला आणि उरलेली वाट चालत गेला. तो पोहोचण्याआधीच ती गेली होती.

त्याला चार वर्षं झाली. मागे उरली होती आता आठ वर्षांची झालेली मुलगी धम्मदिना, मिलिंदची आई द्रौपदी, आणि नाशिकहून येणारे ताईंचे फोन. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. शिक्षिका, मूलबाळ नसलेली.

“पोरगी हुशार आहे, मिलिंदराव,” ताई गणपतीच्या सुट्टीत येऊन म्हणाल्या होत्या. “पण भिवंडीच्या वेशीपलीकडे तिनं काय पाहिलंय? मी भांडायला आले नाही. दिवाळीत तुम्ही स्वतः तिला घेऊन या. दोन दिवस नाशिक दाखवा आणि परत न्या. एवढं जमलं तर मी तिला माझ्याकडे वाढवायला पुन्हा मागणार नाही.”

मग मिलिंदने प्रवास आखायला घेतला, एखादा बिघडलेला लूम सुटा करून पुन्हा जोडावा तसा. एका फुलस्केप कागदावर त्याने सगळे थांबे लिहिले. कुठे पाणी मिळतं, कुठे फोन आहे, कुठे उतरलं तर परतीची गाडी लगेच सापडते, हेही लिहिलं. खाली नाशिक: सकाळी त्रिरश्मी लेणी, संध्याकाळी गाण्यावर नाचणारं कारंजं. धम्मदिनाने थांब्यांची नावं पाढ्यांसारखी पाठ केली.

“तुज्या बापाचं टिपान बगून वाटंल, इलायतंला चाल्लाय,” द्रौपदी नातीला म्हणाली. “आगं, तीन तासाची वाट हाय ती.”

“आज्जी, आम्ही जाणारोय ना पण,” धम्मदिना म्हणाली.

कसाऱ्याची तालीमही नीट पार पडली. परतताना मिलिंदने बऱ्याच वर्षांनी बसमध्ये डोळे मिटले. एक गोष्ट मात्र त्याच्या कागदावर आली नव्हती. भिवंडीचे लूम शुक्रवारी बंद असतात, म्हणून त्याच्या साऱ्या तालमी शुक्रवारच्या रिकाम्या दुपारी झाल्या होत्या. बाकीचं जग रविवारी घराबाहेर पडतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी बस शिर्डी-त्र्यंबकच्या माणसांनी फुगली होती. बापलेकींना सर्वांत मागचा बाक मिळाला. पुढे दार कुठे आहे हेही दिसत नव्हतं.

“पडघा गेलं, पप्पा,” धम्मदिना हळूच सांगत होती. “शहापूर गेलं. आता खर्डी.” तिचं बोट त्याच्या मुठीत होतं. ते दुखत असणार, पण तिने काढून घेतलं नाही.

कसारा गेलं. घाटाच्या दुसऱ्या वळणावर पुढे ट्रकांची रांग लागली होती. बस थांबली. चालकाने थोडा वेळ वाट पाहिली, आणि इंजिन बंद केलं.

मिलिंद उठून उभा राहिला. “उतरायचंय.”

“घाटात?” कंडक्टर पुढून ओरडला. “दरीत पाहुणे राहतात का तुमचे?”

माणसं हसली. कुणीतरी त्याला खांद्याला धरून खाली बसवू लागलं. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि तो पुन्हा उठू पाहत होता. तेवढ्यात धम्मदिना बाकावर चढली.

“मला उलटी होतेय,” ती मोठ्याने म्हणाली. “आत्ता होतेय.”

भराभर वाट मोकळी झाली. खाली उतरल्यावर ती संरक्षक भिंतीशी वाकली, दोनदा घशातून आवाज काढला, आणि कोरडेच ओठ फ्रॉकच्या बाहीला पुसले. तिच्यासमोर सगळी दरी पसरली होती. ती मान वळवून बापाकडे पाहत होती.

रांग हलली. मिलिंदने बसच्या पायरीवर पाय ठेवला. तो पाय त्याला वर ओढता आला नाही.

“तुम्ही जा, काका,” धम्मदिनाने कंडक्टरला सांगितलं. “मला अजून होतेय.”

घाट उतरून ती दोघं कसाऱ्याला चालत आली. तिथल्या एसटीडी बूथवर तिनेच नंबर फिरवला. “मावशी, मला गाडी लागते. मला नाही जमत यायला… नाही, पप्पांना काय झालं नाही. ते माझ्याबरोबर होते.”

ताईंनी विश्वास ठेवला. पोरीला त्रास होतोय तर राहू दे, म्हणाल्या. पोर हातची गेली नाही, म्हणून त्या संध्याकाळी मिलिंदला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या वाटण्याची त्याला लाजही वाटली.

डिसेंबरात शाळेची सहल निघाली. धम्मदिनाने पालकांच्या सहीची चिठ्ठी तशीच दप्तरात परत ठेवली.

“मला नाही जायचं. मला गाडी लागते.”

“आपण घरात आहोत, बाळा,” मिलिंद म्हणाला. “इथे कोण ऐकतंय?”

“लागते, पप्पा. खरंच. शाळेच्या गेटवर बस उभी असते ना, ती बघितली तरी पोटात कसंतरी होतं.”

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. त्याला विचारायचं नव्हतं, तरी त्याने विचारलं, “हातांना मुंग्या येतात?”

तिने मान डोलावली.

चुलीपाशी बसलेली द्रौपदी भाकरी थापता थापता थांबली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी मिलिंदने नाशिकला फोन लावला. “ताई, तुम्ही या. तिला घेऊन जा.”

“का हो? काय झालं तिला?”

“तिला तेव्हा काही झालं नव्हतं. घाटात मी उतरलो होतो. ती खोटं बोलली, माझ्यासाठी. आता ती खोटं बोलत नाही. म्हणून या.”

नाताळच्या सुट्टीत ताई आल्या. द्रौपदीने नातीची वेणी घट्ट घातली आणि म्हणाली, “मावशीला त्रास नको देऊ. नायतर म्हंतील, आजीनं काय शिकवलं न्हाय.” मग ती पाठ फिरवून, घासलेलंच भांडं पुन्हा घासत बसली.

स्टँडवर धम्मदिनाने विचारलं, “मला आणायला तुम्ही याल?”

“मावशी आणतील. मे महिन्यात.”

तिने पुन्हा विचारलं नाही. आठ वर्षांच्या मुलीने एकदा तरी पुन्हा विचारायला हवं होतं.

संध्याकाळी तो नाक्यावरच्या बूथमध्ये शिरला. पलीकडून ताई म्हणाल्या, “पोहोचलो. घाटापर्यंत माझा हात सोडला नाही तिनं. मग खिडकीशी जाऊन बसली. घ्या, बोला.”

“पप्पा, खाली ना, रूळ दिसतात,” धम्मदिना सांगू लागली. “आणि एक माणूस उतारावर शेळ्या घेऊन उभा होता. एवढासा दिसत होता. बस थांबली होती तरी मी बघत होते.”

“भीती वाटली?”

“पहिल्यांदा वाटली.”

बाहेर कुणीतरी ताटकळलं होतं. बूथवाल्याने काचेवर टिचकी मारली. मिलिंदने ऐकलं न ऐकल्यासारखं करून भिंतीकडे तोंड केलं.

“सावकाश सांग,” तो म्हणाला. “शेळ्या किती होत्या?”