छर्ऱ्यावरचं बोट

दुष्काळाच्या त्या साली नानासाहेबांच्या मोटारीचं इंजिन कायमचं बसलं. दूध सोसायटीच्या चेअरमननं पायी फिरणं बरं दिसेना. येडशीच्या बब्रुवान मिस्त्रीनं भंगारातून भलत्याच विलायती गाडीचं इंजिन आणून तिच्यात बसवलं. त्याला विजेवरचा पेट्रोल पंप लागायचा. तो मागच्या सीटखाली गेला. चावी फिरवली की टकटक वाजायचा.

मागची सीट नानासाहेबांच्या बायकोची, मथुराबाईंची.

"माझ्या बुडाखाली काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"पेट्रोलचा पंप, वैनी," बब्रुवान म्हणाला.

"आन गाडी आदळून इंजिन बंद पडलं, तर?"

"पंप चालूच ऱ्हातोय. पेट्रोल सांडत बसतंय." तो खरं बोलून गेला.

मथुराबाई खाली उतरल्या. "बंदोबस्त होईस्तवर म्या बसत न्हाय."

मग बब्रुवाननं डॅशबोर्डखाली एक पितळी वाटी ठोकली. पंपाची वायर तोडून तिथून नेली आणि वाटीत बेअरिंगचा छर्रा ठेवला. छर्रा वाटीत, तर करंट चालू. गाडी आदळून छर्रा उडाला, की पंप बंद.

"असलं काम अख्ख्या जिल्ह्यात कुणी केलं न्हाय," त्यानं स्वतःच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिघं ईट गावाला निघाले, लेकीच्या लग्नाची बोलणी करायला. रस्ता दुष्काळी कामाचा, नुसते दगड. पहिल्याच खड्ड्यात छर्रा उडाला. इंजिनात उरलेल्या पेट्रोलवर गाडी जरा पळाली आणि आचके देत थांबली. छर्रा शोधून बसवला, की पुढचा खड्डा. शेवटी सीटखाली डोकं घालून नानासाहेब ओरडले, "काढ ते खूळ! वायर सरळ जोड!"

"खबरदार!" मथुराबाई पुढं येऊन बसल्या. पदराचं टोक छर्ऱ्यावर ठेवून तो बोटानं दाबून धरला. "चला आता."

गाडी झकास पळाली.

"बोटानंच धरायचा, तर छर्रा पाहिजे कशाला?" नानासाहेब हसत सुटले.

ईटच्या अलीकडं वळणावर शेळ्या आडव्या आल्या. नानासाहेबांनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी थेट नालीत! मथुराबाईंनी दोन्ही हातांनी नवऱ्याचा दंड धरला. छर्रा उडाला. टकटक थांबली.

कुणाला लागलं नव्हतं. बॉनेट उघडलं, तर पेट्रोलची नळी तुटून तापल्या सायलेन्सरवर लोंबत होती. दोन थेंब चर्रकन उडून गेले. पुढं काही आलं नाही. पंप चालू राहता, तर गाडी पेटली असती, हे नानासाहेबांनी ओळखलं.

"बघा माझं काम!" बब्रुवाननं छाती फुगवली.

"तुझं कसलं? हात म्या सोडला!" मथुराबाई म्हणाल्या. त्यावरून दोघांची जुंपली, ती बैलजोडी येईपर्यंत.

बैलांनी ओढलेली मोटार मुलाच्या दारात उभी राहिली. मुलाचे वडील आबाराव धावत आले. "अरारा! बंद पडली व्हय?"

"पडली न्हाय," नानासाहेब बायकोकडं बघत म्हणाले, "हिनं केली. म्हणून आमी आलो."

आबारावांना काही उमगलं नाही. त्यांनी आधी चहा टाकायला सांगितला.