दादाचा ईसीजी

“हात हलला असेल तुझा,” दादा झोपल्या झोपल्याच म्हणाला.

बावीस वर्षं मी या खोलीत माणसांच्या छातीला तारा चिकटवते, हृदयाच्या पट्ट्या काढते आणि थोरला भाऊ नातेवाइकांना सांगतो, ‘ती दवाखान्यात काहीतरी करते.’ तो स्वतः कॉलेजचा प्राचार्य म्हणून निवृत्त झाला. निवृत्त झाला, हे त्याला अजून कुणी कळवलेलं नसावं. प्रवासासाठी तब्येतीचा दाखला हवा होता, म्हणून त्या दिवशी माझी आठवण झाली होती.

मी पट्टी पुन्हा काढली. तेच. ठोक्यांची उंच टोकं कधी चिकटून, कधी लांब. कोऱ्या कागदाच्या कडेवर तीन टोकांच्या खुणा केल्या आणि कागद पुढे सरकवला. एकही खूण जुळेना. प्रत्येक टोकाआधी एक छोटा उंचवटा असतो, तो कुठेच नव्हता. त्याच्या जागी नुसती थरथर. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नव्हते. अशाने आत रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते.

मी हे सांगितलं. तो म्हणाला, “तू डॉक्टर कधी झालीस?”

डॉक्टरबाईंनी पट्टी पाहिली, माझंच बरोबर म्हणाल्या आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली. रोज, न चुकता. दादाने त्यांना विचारलं, की हे तुम्ही स्वतः बघून सांगताय की हिच्या सांगण्यावरून. बाई हसल्या. मी हसले नाही, भांडलेही नाही. भांडायलाही समोर ऐकणारा माणूस लागतो, असं तेव्हा माझं मत होतं.

पुढे वहिनीचे फोन येत राहिले. हे गोळी घेत नाहीत, मला काही झालेलं नाही म्हणतात, तुम्ही एकदा सांगून बघा. मी सांगितलं नाही. ज्याला माझं काम चिकटपट्टीचं वाटतं, त्याच्या विनवण्या मी कशाला करू?

चौथ्या महिन्यात जेवताना त्याच्या उजव्या हातातून घास गळून पडला आणि वाचा गेली. वहिनीने कळवलं तेव्हा, वाईट वाटण्याआधी, क्षणभर मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काल त्याला चाकाच्या खुर्चीतून माझ्या खोलीत आणलं. मी पट्टी काढली. तो पट्टीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. तारा सोडवून मी त्याच्या शर्टाला हात लावला, तर त्याने डाव्या हाताने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच बटणं लावायला घेतली. पहिलंच भलत्या काजात गेलं. वहिनी पुढे झाली. मी तिला डोळ्यांनी थांबवलं आणि पट्टी वाचत असल्यासारखी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

बाहेर तीन पेशंट खोळंबले होते. खोळंबू दिले.